हरणाच्या लेबलाच्या पर्सा

१९८३ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो. संपाला पावणेदोन वर्षं झाली होती आणि आमच्या घरात माझी बायको कमावत होती. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो.

आम्ही राहायला काळाचौकीला, चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर. शिक्षण माझं चौथी. पण गिरणीत मी सायझिंगला होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. सूत मागावर चढायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर मागाचा मार त्याला सोसत नाही, तुटतं. ती खळ मी शिजवायचो. मोठी टाकी, खालून वाफ. पातळ झाली तर सूत तुटणार, घट्ट झाली तर करकरणार. साहेब लोक काचेची नळी बुडवून बघायचे, मी दोन बोटांत धरून सांगायचो. एकोणीस वर्षं. तुझ्या खळीचं सूत तुटलं म्हणून एकही विणकर माझ्याशी भांडायला खाली आला नाही.

संपाचे पहिले सहा महिने धीर होता. मग मोठा तांब्याचा हंडा गेला, मग बंब, मग बायकोच्या कानातलं. मुलगी सातवीत होती, तिला आम्ही गावी मालवणकडे माझ्या भावाकडे पाठवली. ती एसटीत बसली तेव्हा रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तोपर्यंत गिरणीनं एक पाळी सुरू केली होती. गेटवरच्या ऑफिसात छापील कागद असायचा. संपात गेलो ही माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही, असं काहीतरी त्यावर होतं. सही केली की आत. मी म्हणायचो, मी चौथी शिकलो ते असल्या कागदावर सही करायला नाही.

आमच्या शेजारच्या खोलीतल्यानं सही केली. तो ब्लीचिंग खात्यातला. पंधरा वर्षं आमची दारं शेजारी शेजारी, गणपतीत एका चटईवर बसून भजनं केलेली. तो आत गेला त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो नळावर आला की मी भरायला लावलेली बादली अर्धी उचलून निघून यायचो. घरात पाणी कमी पडायचं, पण मी बोललो नाही.

आता पर्सांचं सांगतो. गिरगावात एक शेठ होता, त्याचं पर्सांचं दुकान होतं. चामड्याला हात न लावणाऱ्या लोकांसाठी तो रेक्झिनच्या पर्सा करायचा. आतल्या अस्तराला एक छोटं लेबल शिवायचं. लेबलावर हरणाचं चित्र, आणि खाली मराठीत आणि गुजरातीत लिहिलेलं, की ह्या पर्समध्ये कुठल्याही जिवाचा अंश नाही. त्या लेबलावर त्याचा धंदा होता. साधी पर्स जिथं एकानं घेतली तिथं हरणाची चार जण घ्यायचे, आणि दिवाळीत जास्तच.

कापलेलं रेक्झिन आणि अस्तराचं मांजरपाट कापड तो आमच्या माळ्यावर द्यायचा. अकरा बायका काम करायच्या, बारावी माझी बायको, आणि माल आणणं-पोचवणं तिच्याकडे. मी सुरुवातीला त्या कामाला शिवत नव्हतो. नंतर गठ्ठा नेऊ लागलो, पण चादरीत बांधून, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं इस्त्रीचे कपडे आहेत. बायको म्हणायची, "चोरी करून आणल्यासारखे काय चालता. सरळ चाला."

रेक्झिन चिकटवायला सोल्यूशन लागतं. त्याचा वास नाकात नाही, थेट कपाळात जातो. पंखा लावला की सोल्यूशन आधीच सुकतं, म्हणून पंखा बंद. दहा बाय बाराच्या खोलीत चार बायका ब्रश घेऊन बसलेल्या. दुपारपर्यंत एखादी तरी उठून गॅलरीच्या कठड्याला डोकं टेकून उभी असायची. माझ्या बायकोला त्या वर्षी भाजीतलं मीठ कळेनासं झालं. ती चाखायची आणि माझ्याकडं बघायची, मी मान हलवली की टोप उतरवायची. 

नवरात्राच्या आधी शेठ स्वतः आमच्या माळ्यावर आला. तीन जिने चढून घाम पुसत म्हणाला, "मोठं काम आहे. कार्तिकी पुनवेनंतर जैनांचा यात्रेचा संघ निघतो. पाचशे पर्सा पाहिजेत त्यांना. पण संघाच्या बाई स्वतः येऊन माल बघणार. हल्ली चरबीवरून किती बोंबाबोंब चाललीय, पेपरात वाचता ना. लोकांना तुपाचा भरवसा राहिला नाही."

हे खरं होतं. त्या साली वनस्पती तुपात चरबी घालतात म्हणून गावभर ओरड होती. चाळीतल्या बायकासुद्धा डबा उघडून वास घ्यायच्या.

शेठ गेल्यावर बायकोनं मला सांगितलं, "ह्या पाचशे पर्सा पसंत पडल्या, की होळीपर्यंत काम. होळीपर्यंत काम म्हणजे तुमका गेटवर जाऊक नको. चेडवाक परत हाडूया. समाजला?" चेडू म्हणजे मुलगी. ती रागावली किंवा तिला फार आशा वाटली की मालवणीत बोलायची.

म्हणजे माझी सही, मुलीचं परत येणं आणि बारा घरांचा शिधा, सगळं त्या बाईंच्या हो किंवा नाहीवर आलं होतं.

बाई आल्या त्या गुरुवारी दुपारी. पन्नाशीच्या, पांढरी सुती साडी, पायात रबरी चप्पल, जाड चष्मा, हातात वही. मराठी स्वच्छ बोलायच्या, गिरगावातच वाढलेल्या होत्या. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. शेठनं आम्हाला आधीच बजावलं होतं की बोलायचं ते तो स्वतःच बोलणार.

पण त्या शेठला काही विचारीनातच. खाली सतरंजीवर बसल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन बायकांना विचारू लागल्या. हा दोरा कसला? ही पुठ्ठ्याची पाटी कशानं चिकटवता? सरस वापरता का, सरस हाडांचा असतो. बायको म्हणाली, "नाही हो बाई, मैद्याची खळ. ही बघा वाटीत." त्यांनी वाटीत बोट घालून वास घेतला. बटण घासून बघितलं, शिंगाचं नाही ना म्हणून. मला ते आवडलं. माल बघावा तर असा. गिरणीत आमचे साहेबसुद्धा इतकं बघत नव्हते.

मग सोल्यूशनचा डबा उघडला आणि त्या मागं सरल्या. "हा वास दिवसभर?"

"सवय झाली," बायको म्हणाली.

"डोकं दुखत नाही?"

"नाही हो."

कठड्याशी दोघी जणी डोकं टेकून उभ्या होत्या. बाईंनी तिकडं बघितलं, मग वहीकडं. काही लिहिलं नाही. वहीत त्यासाठी जागा आखलेली नव्हती बहुतेक.

शेवटी अस्तराचं मांजरपाट हातात घेतलं. "हे काय, कापूस. झाडाचं," म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. काम झालं होतं. शेठनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. बाई चष्मा काढून मला म्हणाल्या, "तुम्ही पण हेच काम करता, भाऊ?"

मला ते लागलं. बायकांच्या कामात बसलेला पुरुष. मी म्हटलं, "मी गिरणीत होतो. सायझिंगला. हे जे कापड तुम्ही आता ठेवलंत ना, असल्या कापडाची खळ मी शिजवलीय एकोणीस वर्षं."

"म्हणजे ही अशीच, मैद्याची?" त्यांनी वाटीकडं बोट दाखवलं. हेटाळणी नव्हती त्यात. विचारलं आपलं.

पण वाटीतल्या मैद्याची आणि माझ्या टाकीची बरोबरी. मी म्हटलं, "बाई, मैद्यानं गिरणी चालते होय? घरचा पुठ्ठा चिकटवायचा नाही तिथं. टाकीत आधी स्टार्च, मग चिनी माती वजनाला, मग औषध, बुरशी धरू नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी चरबी. चरबीशिवाय सूत मऊ पडत नाही. ती कधी आणि किती टाकायची तेच तर कसब. मी डोळे मिटून..."

तिथं माझं मला ऐकू आलं.

खोलीत कात्री चालत होती ती थांबली. बाईंनी मांजरपाट पुन्हा हातात घेतलं नाही, नुसतं बघत राहिल्या. "कशाची चरबी?"

"बकऱ्याची म्हणायचे. डब्यावर इंग्रजी होतं. मला वाचता येत नव्हतं."

शेठ हसला. "अहो, मस्करी करतो हा. सांग ने भाऊ, मस्करी केली म्हणून. संपात बसून बसून ह्यांची डोकी फिरलीत."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. माझी बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती पर्सच्या पट्ट्याचा दोरा दातानं तोडत होती आणि तो तुटत नव्हता. एवढंच म्हणायचं होतं मला की हो, मस्करी केली. शेठनं वाट काढून दिली होती. पण मस्करी म्हणजे एकोणीस वर्षांचं माझं काम मस्करी. मी म्हटलं, "मस्करी नाही. कोरं मांजरपाट आहे ते. कोऱ्या कापडात खळ असते, खळीत चरबी असते."

बाई म्हणाल्या, "आणि रेक्झिनच्या पाठीला कापड आहे, ते?"

"ते पांढरं आहे बघा. ब्लीच होऊन आलेलं. ब्लीचिंगला सगळी खळ निघते, तेव्हाच कापड पांढरं होतं."

"म्हणजे ह्यातली पण निघेल? धुतली तर?"

"निघते. ब्लीचिंगला."

"तुम्हाला काढता येईल?"

मी म्हटलं, "ते माझं खातं नाही."

गिरणीत राहिलेल्या माणसालाच हे उत्तर सुचेल. सायझिंगवाला चरबी घालतो आणि ब्लीचिंगवाला काढतो, आणि एकानं दुसऱ्याच्या खात्यात बोट घालायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. ते खातं शेजारच्या दाराआड राहत होतं आणि मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

बाई उठल्या. शेठला म्हणाल्या, "लेबलावर तुम्ही जे लिहिता ते तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच मी धरते." मग जिन्याशी थांबून मला म्हणाल्या, "भाऊ, मी सोमवारी दुसरीकडं बघायला जाणार आहे. त्याआधी काही जमलं तर दुकानात निरोप ठेवा."

त्या गेल्यावर शेठनं हमाल वर बोलावला. कापलेलं रेक्झिन, अर्धवट पर्सा, चेन, पट्टे, लेबलांचा गठ्ठा, सोल्यूशनचा डबा, सगळं उचललं. मांजरपाटाचं थान तेवढं कोपऱ्यात टाकलं. "ते तुझं तूच ठेव," म्हणाला. "त्याचा सदरा शिव."

बायका आपापल्या खोलीत गेल्या. कुणी भांडलं नाही. टोकाच्या खोलीतली म्हातारी, तिचा मुलगाही संपात होता, दारातून जाताना म्हणाली, "गिरणी बंद केलीत ती केलीत. आता बायकांचे हात पण बंद केलेत. लई मोठं काम झालं." आणि आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावलं, लोटलं नाही, लावलं. आमच्या चाळीत दिवसा दार लावत नसत.

माझी नात आता एका कंपनीत काम करते. तिचं ऑफिस जिथं आहे तिथं पूर्वी आमच्या शेजारच्या गिरणीचं कापूस खातं होतं. परवा ती एक पर्स घेऊन आली. म्हणाली, आजोबा, ही व्हीगन आहे, कसल्या तरी पानांच्या धाग्याची, प्राण्याला त्रास नाही, पृथ्वीला त्रास नाही. मी पर्स उलटी केली आणि अस्तराला नाक लावलं. ती हसत सुटली. मी विचारलं, हे अस्तर कुठल्या गिरणीतलं? त्याला खळ कसली? चिकटवलंय कशानं? चिकटवणारीच्या खोलीत पंखा चालू होता का? तिनं मोबाईलवर कंपनीचं पान काढून बराच वेळ वाचलं. प्राण्यांबद्दल पुष्कळ होतं, झाडांबद्दल होतं. पंख्याबद्दल नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या वहीसारखंच. मग वरचा पापुद्रा मी नखानं खरवडला तर तो सुटला. म्हटलं, दोन वर्षं टिकेल, मग फेकशील, मग पृथ्वीला त्रास. ती म्हणाली, तुम्हाला काहीच आवडत नाही. तसं नाही. त्या बाई मला आवडल्या होत्या. त्यांनी निदान वाटीत बोट घालून बघितलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरात पेज होती. बायकोनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, "खोटं बोलायला हवं होतं मी?"

"खोटा नको होता. गप रवाक काय झाला होता तुमका?"

"विचारलं त्यांनी."

"त्यांनी विचारल्यानी मैद्याची काय म्हणून. तुम्ही हो म्हटलं असतं तर मैदा मेला असता?" जरा थांबून म्हणाली, "चरबी कापडात नाय. तुमच्या अंगात आसा."

मी ताट सरकवलं. तिनं ते परत माझ्याकडं सरकवलं. "जेवा. उपाशी राहून आणखी मोठे नका होऊ."

मग ती एवढं शांत बोलली की मला भीती वाटली. म्हणाली, "वर्षभर मी तो वास घेतला. तुम्ही गेटवर जाऊ नये म्हणून घेतला. मला मीठ कळत नाही, माझ्या हाताची कातडी सुटते, मी बोलले नाही. तुमचा मान राहावा म्हणून. आज त्या बाईनं डोकं दुखतं का विचारलं तेव्हापण मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले ते चाललं. तुम्हाला एक वाक्य गिळता येईना."

तिनं ट्रंक ओढली आणि तिची दुसरी साडी, माझे दोन सदरे आणि देवाचा फोटो बाहेर काढला. म्हणाली, "रविवारच्या गाडीनं मी गावी जाते. चेडवाजवळ. तुमका यायचा तर या, सही करायची तर करा. माझ्यानं आता होणार नाही."

नवऱ्याला सोडून जाणारी बाई ती नव्हती. म्हणूनच मला कळलं की ती जाणार.

कोपऱ्यात मांजरपाटाचं थान पडलेलं होतं. मी त्याच्यावर हात फिरवला. करकरीत, पण आत मऊपणा. खळ चांगली होती. कुठल्या तरी गिरणीत माझ्यासारख्याच कुणीतरी जीव लावून शिजवलेली. मी एक टोक तोंडात धरून चावलं. चिनी माती दाताखाली कचकचली, आणि मागाहून जिभेवर तो तेलकट थर आला. तो मला अंधारातही ओळखता आला असता. घालणं मला येत होतं. काढणं येत नव्हतं. ब्लीचिंगला उकळतात एवढं ठाऊक होतं, सोड्यात की कशात, किती वेळ, आधी भिजवतात की नाही, काही ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांत मी त्या खात्याच्या दारातून एकदाही आत डोकावलो नव्हतो.

भिंतीपलीकडं शेजारी खोकत होता. त्याच्या घरात भांडी लागली, रेडिओ बंद झाला. पहिल्या पाळीला जायचं म्हणून तो लवकर झोपायचा.

मी उठून बादली घेतली, घरात होतं नव्हतं तेवढं पाणी थानावर ओतलं आणि ते भिजत घातलं. बायको म्हणाली, "प्यायला ठेवा तांब्याभर." ठेवलं. तिनं काय करताय म्हणून विचारलं नाही. कपडे मात्र ट्रंकेवर तसेच राहू दिले, बांधले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, तो पाळीला निघायच्या आत, मी मंडळाच्या खोलीतून गणपतीतल्या जेवणाचा मोठा टोप खांद्यावर आणला. तो आमच्या दारात उतरवला आणि शेजारच्या दारावर थाप मारली. त्यानं दार उघडलं. अंगात गिरणीचा सदरा, हातात डबा. तो माझ्याकडं, मग टोपाकडं बघत राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, "सोडा किती घालायचा, ते सांग."